सिस्टरच्या दाराचं कुलूप

माझ्या दिरांना सगळा बाजार ‘खटका’ म्हणायचा. एक तर धंदा कुलपांचा, आणि दुसरं म्हणजे माणूस असा, की दोन वाक्यं पुरी व्हायच्या आत समोरच्याशी बिनसलंच म्हणून समजा. मी त्यांना भावजी म्हणते, पण ते तोंडावर. मनात मीही खटकाच म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

दुकान आमचं एकच, मधे प्लायवूडची भिंत. माझे हे गेले तेव्हा त्यांच्या अर्ध्या भागात मी बटणं, दोरे, चेन, लेस असलं काय काय मांडलं. उरलेल्या अर्ध्यात भावजी, किल्ल्या कापायचं मशीन आणि त्यांचा राग. भिंत इतकी पातळ, की पलीकडे त्यांनी कोणाला झापलं की इकडे माझं गिऱ्हाईक दचकायचं. एकदा एक बाई रडकुंडीला येऊन सांगत होती, किल्ली हरवली, सगळं घर पालथं घातलं. भावजी म्हणाले, “बाई, ती तुमच्या दुसऱ्या हातात आहे.” खरंच होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसरा कोणी असता तर हसून सोडून दिलं असतं. ह्यांनी वर ऐकवलं, “किल्ली सापडली, आता डोकं शोधा.” ती बाई पुन्हा आमच्या पायरीवर आली नाही. माझ्याकडचे दोरेसुद्धा तिने बंद केले. सांगा, माझं काय चुकलं होतं?

पण कुलपाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोलला नाही. एक बडे गृहस्थ एक चकचकीत कुलूप घेऊन आले होते, कौतुक करून घ्यायला. भावजींनी माझ्याकडून केसांची पिन मागून घेतली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते उघडून समोर ठेवलं. म्हणाले, “ह्याला चोर भीत नाही. खूश फक्त तुम्ही आहात.” गृहस्थांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी नंतर म्हटलं, भावजी, जरा गोड बोलावं माणसाने. तर मला म्हणाले, “वहिनी, कुलूपवाला खोटं बोलायला लागला तर गावाने झोपायचं कसं?”

त्यांचा आणखी एक हट्ट होता. कुठल्याही दाराला कुलूप बसवलं की आतल्या बाजूने त्याला एक कळ ठेवायचीच. म्हणजे बाहेरून कोणी किल्लीने बंद केलं तरी आतला माणूस ती कळ फिरवून बाहेर पडू शकेल. काही लोक म्हणायचे, कशाला ती कळ, काढून टाका. गोदामवाले म्हणायचे, वसतिगृहवाले म्हणायचे, एका नवऱ्यानेही म्हटलं होतं. त्याला तर भावजींनी दुकानाबाहेर हाकललं. “आतून उघडत नाही ते दार नव्हे,” म्हणायचे, “ते झाकण.”

हा नेम त्यांनी जन्मात एकदाच मोडला, आणि तोही चांगुलपणाने. आपल्याकडे म्हणतात ना, करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आमच्या मागच्या गल्लीत एक नर्स राहायची. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे. लग्न केलं नाही, आईला सांभाळायचं म्हणून राहून गेलं. आई एके काळची बस कंडक्टर. काय बाई होती! आमच्या लहानपणी तिच्या बसमधे आम्ही चिडीचूप बसायचो. “पुढे सरका, पुढे काय वाघ बसलाय?” असं ओरडली की अख्खी बस पुढे सरकायची. आणि उतरताना एखादी म्हातारी दिसली, की स्वतः खाली उतरून तिचा हात धरायची आणि ड्रायव्हरला थांबवून ठेवायची.

मग तिला तो विसरण्याचा आजार झाला. आधी नावं गेली, मग माणसं, मग दिवस-रात्र. राहिली फक्त बस. घरी कोणी आलं की विचारायची, “कुठे उतरणार?” आणि संध्याकाळ झाली की तिचं सुरू व्हायचं. जुनी चामड्याची पिशवी खांद्याला लावायची, चपला घालायची आणि म्हणायची, “चला, ड्यूटी संपली. मला घरी जायचंय.” सिस्टर म्हणायची, “आई, हेच घर आहे.” म्हातारी चारी बाजूंना नजर फिरवायची आणि अगदी अदबीने सांगायची, “छान आहे हो घर तुमचं. पण माझी मुलगी वाट बघत असेल.”

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सिस्टर त्या वेळी स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली. काही धुवायचं नव्हतं तिला.

तर ही म्हातारी घराच्या शोधात घराबाहेर पडायला लागली. आतली कळ फिरवायची आणि निघायची. दोनदा शेजाऱ्यांनी परत आणली. तिसऱ्यांदा ती हमरस्त्याच्या मधोमध उभी राहून ट्रक थांबवत होती, एका ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक लावला म्हणून वाचली. दुसऱ्या दिवशी सिस्टर भावजींकडे आली. म्हणाली, “काका, माझ्या दाराची आतली कळ काढून द्या.”

भावजी नाही म्हणाले. ती पुन्हा आली, ते पुन्हा नाही म्हणाले. मग ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसून रडली. ड्यूटीवर असताना दुसऱ्यांच्या आयांना गोळ्या देते मी, म्हणाली, आणि डोळ्यांसमोर माझी आई ट्रकखाली. तिला बघायला कोणी मिळेपर्यंत तरी काढा. प्लायवूडच्या पलीकडे मी हातातली चेन तशीच धरून बसले होते. मग भावजींनी हत्यारांची पिशवी उचलली आणि तिच्यामागून गेले. कळ काढली, त्या भोकावर पितळेची पट्टी ठोकली. आणि एक अट घातली, की दुसरी किल्ली त्यांच्याकडे राहील. ती किल्ली त्यांनी दुकानात डोक्यामागच्या खिळ्याला लावली, लाल दोरा बांधून. दोरा माझ्याच दुकानातला.

त्यानंतर मी बघायचे, हात रिकामा झाला की त्यांची नजर त्या लाल दोऱ्यावर जायची.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. नको वाटतं, पण सांगते.

दुपार कलली होती. हवा थबकलेली, आभाळ जुन्या जखमेसारखं हिरवट-पिवळं. असलं आभाळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वावटळी आम्हाला नव्या नाहीत. उन्हाळ्यात धूळ उडवतात, कोणाचे कपडे दोरीवरून पळवतात, आपण पदर तोंडाला लावतो आणि सोडून देतो. मग नगरपालिकेचा भोंगा वाजायला लागला आणि थांबेचना. मी बाहेर डोकं काढलं तर रस्त्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या मागे, आभाळापासून जमिनीपर्यंत काळा खांब उभा. आणि तो खांब चालत होता.

पुढे टीव्हीवाल्यांनी त्याला टोर्नॅडो म्हटलं. आम्ही अजूनही त्याला काही म्हणत नाही. ‘त्या दिवशी’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

माझ्या दुकानाखाली एक तळघर आहे, जुना माल ठेवायचं. मी झाकण उघडलं, रस्त्यावरून पळणाऱ्या दोन-चार जणांना आत ढकललं आणि भावजींना हाक मारायला वळले. ते रस्त्यावर पोचले होते. हातात लाल दोरा. मागच्या गल्लीकडे निघालेला हा साठी ओलांडलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून रोज माझं डोकं खाणारा, आणि त्या काळ्या खांबाच्या दिशेने पळतोय!

मी धावले आणि मागून त्यांची कॉलर धरली. दिराची कॉलर धरायची वेळ येईल असं मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. ते ओरडत होते, “वहिनी, सोडा! म्हातारी आत आहे! सिस्टर ड्यूटीवर आहे!” मी सोडलं नाही. मी अंगाने दणकट आहे, आणि ते पहिल्यापासून काटकुळे. फरफटत आणलं, पायऱ्यांवरून खाली लोटलं आणि वर झाकण ओढलं. मग तो आवाज आला. त्याचं मी काही सांगणार नाही.

तळघरात भावजी पायरीवर मुठी आपटत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला.

वर आलो तेव्हा आमचं दुकान उभं होतं. पत्रा गेला होता, काचा गेल्या होत्या, माझी बटणं रस्ताभर सांडली होती, पण उभं होतं. मागची गल्ली नव्हती. म्हणजे घरं पडली होती असं नाही म्हणत मी, गल्लीच नव्हती. कुठून कुठे जायचं ते कळेना. रोजच्या पायाखालची वाट, आणि लोक उभे राहून विचारत होते, आमचं घर कुठे होतं? जे शाळेच्या तळमजल्यात पळाले ते वाचले. घरात राहिले त्यातले फार थोडे हाती लागले.

सिस्टरची आई मागच्या खोलीत पलंगाशेजारी सापडली, भिंतीखाली. दार कुठे उडालं होतं कोणाला ठाऊक.

त्यानंतरचे दिवस कसे गेले? गेले, एवढंच. ‘कसे आहात’ हा प्रश्न गावाने टाकून दिला. भेटलो की नुसते एकमेकांचे हात धरायचो, आणि ज्याचं कोणी गेलं नव्हतं त्यालाच जास्त ओशाळं वाटायचं. जरा ढग आला की सगळा बाजार वर बघायचा. भाजी घेताघेता माणसं थांबायची, मापं हातात तशीच. मुलं दार लावू द्यायची नाहीत, अगदी मोरीचंही. माझी सूनबाई शहाणीसुरती, पण चपला उशाशी घेऊन झोपायला लागली. आणि लोक भावजींकडे यायचे, खिशातून किल्ली काढून मेजावर ठेवायचे. दार नाही, भिंत नाही, घर नाही, आणि किल्ली खिशात. टाकवत नाही, जवळ ठेववत नाही. म्हणायचे, तुझ्याकडे राहू दे. भावजी ती खिळ्याला लावायचे. खिळे पुरेनात तेव्हा मी मागच्या बाजूला दोरी बांधून दिली.

माझ्याशी मात्र ते बोलत नव्हते. एक अक्षर नाही. चहा नेऊन ठेवला तर तसाच गार व्हायचा. मला राग यायचा, का नाही येणार? माणसाला मरणाच्या दारातून ओढून आणायचं आणि वर त्यानेच तोंड फिरवायचं! एकदा मी भिंतीला तोंड लावून बोललेच, “तुम्ही मेला असता तर दार कोण उघडणार होतं?” आणि तुम्हाला सांगते, उद्या पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा ओढीन. हाताला धरून नाही, कानाला धरून.

मग एके सकाळी सिस्टर आली. मी तिला ओळखलंच नाही आधी. नेहमी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालणारी ती, कोणाचा तरी ढगळ स्वेटर घालून उभी होती. तिच्या मैत्रिणीने, जिच्याकडे ती राहत होती, मला सांगितलंच होतं, की पोरीच्या घशाखाली घास उतरत नाही. हॉस्पिटलात जात नाही, आडवीही होत नाही, नुसती हाताकडे बघत बसते. उजव्या हाताकडे.

ती स्टुलावर बसली. त्याच.

“काका,” म्हणाली, “त्या दिवशी मी कुलूप लावलं होतं का?”

भावजींनी हातातली कानस खाली ठेवली.

“मला आठवत नाही. रोज लावते म्हणून लावलंच असणार. पण त्या दिवशी उशीर झाला होता, आई पिशवी सापडत नाही म्हणून अडून बसली होती, मी ती शोधून दिली आणि पळाले. किल्ली फिरवल्याचं आठवत नाही, न फिरवल्याचंही आठवत नाही.” तिने उजवा हात पुढे केला. “ह्या हाताला ठाऊक असेल, तो सांगत नाही. कुलूप सापडलं तर तुम्हाला कळेल ना?”

आता बघा, इथे ते ‘नाही कळत’ म्हणाले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण ज्याने जन्मभर कुलपाबद्दल खरंच सांगितलं, त्याच्या तोंडून सवयीने खरंच निघालं.

“कळेल,” म्हणाले. “दांडा बाहेर असेल तर लावलेलं. आत असेल तर उघडं.”

“मग शोधून द्या. मला फक्त एवढं कळू दे. लावलं असेल तर...” ती उठली, पायरीवर थांबली आणि मागे न बघता म्हणाली, “लावलं असेल तर मला जगता येणार नाही, काका. पण न कळताही येत नाहीये.”

मी तिला थोपवायला गेले. म्हटलं, अगं पोरी, दार उघडं असतं तरी काय झालं असतं, बाहेर तेच होतं. तर ती शांतपणे म्हणाली, “दार उघडं असतं तर ती रस्त्यावर आली असती. ती नेहमी येते. कोणीतरी हात धरून शाळेत नेलं असतं.” जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

शाळेच्या मैदानावर ढिगारे लावले होते. ढिगारा उपसणारे लोक एकेक वस्तू तिथे आणून टाकायचे. एका बाजूला चपला-बूट, एका बाजूला भांडी, फोटो पावसाने भिजू नयेत म्हणून ताडपत्रीखाली. आणि कुंपणाला टेकवून दारं. नुसती दारं, रांगेने. लोक त्यांच्यापुढून फिरायचे, एखाद्या दारापाशी थांबायचे, रंगावरून हात फिरवायचे. एक आजोबा रोज येऊन आपल्या दाराला टेकून बसायचे.

भावजी रोज तिथे जायला लागले. मीही मागून जायचे, लांबून. बोलत नव्हते तरी घरचं माणूस ते घरचं माणूस.

सिस्टरचं दार नदीच्या बाजूच्या शेतात सापडलं होतं, तिथून मैदानावर आणलेलं. निळं दार, मधोमध तडा. मी रंग ओळखला, भावजींनी पितळेची पट्टी ओळखली. ते गुडघ्यांवर बसले. मी जवळ गेले आणि मीही पाहिलं. दांडा बाहेर होता. पुरा बाहेर, किल्ली दोनदा फिरवल्यावर येतो तसा, जरा वाकलेला, आणि त्याच्या टोकाला चौकटीच्या लाकडाची ढलपी अजून अडकलेली. वाऱ्याने दार उचललं ते चौकट फाडून, कुलूप काही सुटलं नव्हतं. इतकं पक्कं बसवलं होतं त्यांनी.

भावजींनी कपाळ त्या दाराला टेकवलं. माणूस रडताना आवाज करतो तसा नाही, पण खोकल्यासारखं काहीतरी त्यांच्या छातीतून येत होतं. मी शेजारी बसून राहिले. कोणी काही विचारलं नाही. त्या मैदानावर असं बसलेलं माणूस कोणाला नवं नव्हतं. मग त्यांनी खिशातून पेचकस काढला आणि एकेक स्क्रू सोडवून कुलूप बाहेर घेतलं.

त्या दिवशी दुपारभर भिंतीपलीकडे कानस चालत होती. खर्र, खर्र, मधेच हातोडीचे हलके ठोके. मी वैतागले. कामं पडलेली, गिऱ्हाईक दारात, आणि हे काय घासतायत? डोकावले तर ते कुलूप पकडीत धरलेलं. लाकडाची ढलपी काढून टाकलेली, वाकलेला दांडा सरळ केलेला. दांडा मात्र अजून बाहेरच होता. मी म्हटलं, “भावजी, काय करताय?” त्यांनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरला निरोप गेला. मी माझ्या बाजूच्या दारात येऊन उभी राहिले, बटणांचा डबा उगीच हातात घेऊन. ती समोरून येताना दिसली. रस्ता ओलांडायला थांबली, एक ट्रॅक्टर ढिगारा घेऊन जात होता म्हणून. मी भावजींकडे पाहिलं. कुलूप मेजावर, दांडा बाहेर. ते तिच्याकडे बघत होते. त्यांचं तोंड असं झालं होतं, की आता उठून मागच्या दाराने पळून जातील.

ट्रॅक्टर गेला. तिने रस्त्यावर पाऊल ठेवलं. आणि भावजींनी खिळ्यावरून लाल दोऱ्याची किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवली. कट. पुन्हा फिरवली. कट. दांडा आत गेला.

माझ्या हातातला डबा पडला नाही, एवढंच.

ती आत आली, बसली नाही. भावजींनी कुलूप तिच्यापुढे सरकवलं.

“उघडं होतं,” म्हणाले.

ती वाकून बघत राहिली. बोट लावून पाहिलं, दांडा यायचा त्या जागेवर. “नक्की, काका?”

“कुलूपवाला खोटं बोलतो का?” हे त्यांनी इतक्या रागाने म्हटलं, नेहमीच्या खटक्यासारखं, की मीही क्षणभर फसले. “घाईत विसरलीस. तूच म्हणालीस ना घाई होती. आई विसरते, मुलगी विसरली. त्यात काय एवढं?”

ती मग हळूच म्हणाली, “म्हणजे तिला जाता आलं असतं.”

अगं बाई! भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. आगीतून उठून फुफाट्यात गेल्यासारखं झालं. हा विचार आम्हाला दोघांनाही सुचला नव्हता, की दार उघडं होतं म्हटलं तर ती विचारणार, मग आई गेली का नाही? भावजींनी तोंड उघडलं, पण त्यांना दुसरं खोटं येईना. एकच तयार केलं होतं बिचाऱ्यांनी, तेही दुपारभर घासून.

सिस्टर कुलपावरचा हात न काढता बोलत होती, आमच्याशी नाही, स्वतःशीच. “रोज म्हणायची, मला घरी जायचंय. रोज. दार दिसलं की निघायची. त्या दिवशी दार उघडं होतं, पिशवी हातात होती, आणि ती गेली नाही.” तिने मान वर केली. डोळे भरून वाहत होते, पण चेहरा असा होता, की तसा मी तिचा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. “काका, तिला कळलं होतं. हेच घर आहे हे तिला कळलं होतं. म्हणून थांबली. माझी वाट बघत थांबली ती.”

भावजींनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा. “हो,” म्हणाले. “दुसरं काय असणार?”

ती मग खूप रडली. मी तिला धरलं, माझा सगळा खांदा ओला झाला. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि मला म्हणाली, “काकू, काही खायला आहे का?” मी धावत जाऊन पाव आणला, चहा आणला. तिने उभ्या उभ्या दोन पाव खाल्ले आणि तिसरा मागितला. जाताना कुलूप आणि किल्ली रुमालात बांधून घेतली, देवाची वस्तू घ्यावी तशी.

ती गेल्यावर दुकान शांत झालं. भावजी मेजावर दोन्ही हात ठेवून बसले होते. खिळ्याकडे बघत होते, जिथे आता काही नव्हतं. मी दुसरा चहा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. घेणार नाहीत म्हणून वळले.

“वहिनी,” मागून हाक आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

मी थांबले.

“तुम्ही मला ओढलंत ते बरं केलंत.” त्यांनी कप उचलला. “मी गेलो असतो, तर आज तिला हे कोणी सांगितलं असतं?”

मी समोरच्या स्टुलावर बसले. ते चहा पीत होते, आणि रडत होते, आणि कप खाली ठेवत नव्हते.

सिस्टर आता दुसऱ्या गावी असते, तिकडच्या हॉस्पिटलात. बरी आहे, असं पत्रात लिहिते. भावजी गेल्या वर्षी गेले. म्हणून तुम्हाला सांगितलं. आमच्या गावात मात्र कोणी विचारलं, तर त्या म्हाताऱ्या कंडक्टरबाईचं दार उघडं होतं. मीच सांगते सगळ्यांना.